ब्रँड कुणाच्या नावावर, नफा कुणाच्या खिशात

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला: एकाच धंद्यातल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या दोन कंपन्या; एक परदेशी पालक कंपनीची, दुसरी घराण्याची. परताव्याच्या आकड्यांत एवढी तफावत मालकीमुळे येते का? दुसरा: घरच्या मसाल्यांच्या भागीदारी पेढीची प्रायव्हेट लिमिटेड करायची आहे, ट्रेडमार्क काकांच्या नावावर आहे, गुंतवणूकदार बोलणी करतोय; अडचण येईल का? दोन्हीकडे सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी लागते. आकडे उघडण्याआधी ब्रँड, फॉर्म्युला, तंत्रज्ञान कागदोपत्री कुणाचं आहे ते बघा. कंपनी एकाची आणि ती ज्याच्या जोरावर कमावते ते दुसऱ्याचं, असं सर्रास असतं.

हॉर्लिक्स घ्या. भारतात ते बनवणं, विकणं, जाहिरात करणं हे सगळं ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंझ्युमर हेल्थकेअर ही इथली नोंदणीकृत कंपनी करायची. नाव मात्र ब्रिटनमधल्या पालक समूहाच्या मालकीचं होतं. १ एप्रिल २०२० पासून ही कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली, भागधारकांना त्या बदल्यात शेअर मिळाले. नावासाठी मात्र ३,०४५ कोटी रुपये वेगळे मोजले गेले आणि ते गेले ग्लॅक्सो समूहाला. त्या रकमेत इथल्या छोट्या भागधारकाचा वाटा नव्हता.

याच विलीनीकरणाने आकड्यांचाही एक सापळा दाखवला. स्वतः घडवलेला ब्रँड इंड एएस ३८ (इंड एएस म्हणजे भारतीय लेखा मानकं) प्रमाणे ताळेबंदात येत नाही. धंदा विकत घेताना आलेला ब्रँड इंड एएस १०३ प्रमाणे येतो, आणि मालमत्तांच्या किमतीहून जास्त मोजलेली रक्कम गुडविल म्हणून बसते. त्यामुळे हिंदुस्तान युनिलिव्हरचं नेटवर्थ (भागधारकांचं पुस्तकी भांडवल) एका वर्षात सुमारे ८ हजार कोटींवरून ४७ हजार कोटींवर गेलं. नफा वाढला, तरी भागभांडवलावरचा परतावा ८० टक्क्यांच्या वरून २० टक्क्यांच्या खाली आला. धंदा बिघडला नव्हता. घरचे जुने ब्रँड शून्य किमतीने पुस्तकात होते, हॉर्लिक्स बाजारभावाने आलं, एवढंच. टोबिन क्यूचंही (कंपनीचं बाजारमूल्य भागिले तिच्या मालमत्तेची किंमत) तेच दुखणं: अंशात ब्रँडची किंमत आहे, छेदात नाही. उंच क्यू दिसला की लोक त्याचं श्रेय मालकाच्या गुणांना देऊन मोकळे होतात.

म्हणून तुमच्या दोन कंपन्यांची तुलना अशी करा. वापरलेल्या भांडवलातून गुडविल आणि विकत घेतलेले ब्रँड वजा करा. करपूर्व नफ्यात पालक कंपनीला किंवा प्रवर्तकाला दिलेली रॉयल्टी (नाव किंवा तंत्रज्ञान वापरण्याचं शुल्क), ब्रँड फी, तांत्रिक सेवा शुल्क पुन्हा जमा धरा. मग जाहिरात आणि संशोधन यांवरचा खर्च विक्रीच्या टक्केवारीत, किमान पाच वर्षांचा, शेजारी मांडा. रॉयल्टी आणि शुल्कांचे आकडे वार्षिक अहवालातल्या ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ या टिपेत सापडतात. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. जाहिरात कापली की त्या वर्षीचा नफा सुंदर दिसतो आणि मार दोन-तीन वर्षांनी बसतो.

आता रॉयल्टी. ती नेहमी लूटच असते असं नाही. युनिलिव्हर (हिंदुस्तान युनिलिव्हरची पालक कंपनी) किंवा सुझुकी (मारुतीची) जे देतात ते एकट्या भारतीय कंपनीला उभं करायला कितीतरी महाग पडेल. पण दर ठरवणारा आणि घेणारा एकच असतो, ही मूळ गोम. हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०२३ मध्ये हा दर विक्रीच्या २.६५ वरून ३.४५ टक्क्यांवर टप्प्याटप्प्याने नेण्याचं जाहीर केलं. मारुती एके काळी विक्रीच्या पाच टक्क्यांहून जास्त रॉयल्टी देत होती, पुढे दर उतरला. नेस्ले इंडियाने २०२४ मध्ये ४.५ वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत जायचा प्रस्ताव भागधारकांपुढे ठेवला आणि तो फेटाळला गेला. हे शक्य झालं, कारण शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार अशा ठरावावर पालक कंपनीला मंजुरीचं मत देता येत नाही. ब्रँड किंवा रॉयल्टीपोटी दिली जाणारी रक्कम वार्षिक एकत्रित उलाढालीच्या ५ टक्क्यांवर जाणार असेल, तर बाकी भागधारकांची ही मंजुरी घ्यावीच लागते. खाली राहिलात तर या नियमाचा जाच नाही. म्हणून चार-साडेचार टक्क्यांवर रेंगाळणारे दर जरा निरखून बघा. मी एक कसोटी लावतो: उद्या करार संपला तर कंपनीच्या हातात काय उरेल? वितरकांचं जाळं आणि कारखाना उरला, नाव आणि कृती गेली, तर ती अर्धी कंत्राटी उत्पादक आहे, ताळेबंद कितीही देखणा असो.

घराण्याच्या कंपन्यांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. टाटा नाव टाटा सन्सचं. वापरणाऱ्या कंपन्या विक्रीच्या पाव टक्क्यापर्यंत वर्गणी देतात, आणि टाटा सन्सचे सुमारे दोन-तृतीयांश शेअर धर्मादाय न्यासांकडे आहेत. दर हलका आहे, मालकालाही घाई नाही. किर्लोस्कर नाव किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या वेगळ्या कंपनीत ठेवलं गेलं आणि कुटुंबातले मतभेद थेट नावाच्या हक्कापर्यंत गेले. घराण्याच्या मालकीचा फायदा धीराचा: दहा वर्षांनी फळ देणारा ब्रँड घरचा मालक पोसतो, तीन वर्षांत बाहेर पडायचं असलेला फंड पोसेलच असं नाही. तोटा असा की मालमत्ता एका पिढीच्या नावावर राहते आणि दुसरी तिच्यावर खर्च करते.

सहकारात तर ‘कामगिरी’ मोजायचं मापच बदलतं. अमूल हे नाव खेडा जिल्हा दूध संघाचं, विपणन गुजरातच्या महासंघाकडे. जिल्ह्या-जिल्ह्याचं दूध एकाच नावाने विकलं जातं. मालक म्हणजे दूध घालणारा, त्यामुळे कमाई दुधाच्या दरातून बाहेर जाते आणि पुस्तकी नफा चिमूटभर दिसतो. तो बघून अमूलला कमजोर म्हणणं हास्यास्पद आहे. आपल्याकडे गोकुळ कोल्हापूरच्या संघाचं, कात्रज पुण्याच्या संघाचं, वारणा आणखी वेगळं. प्रत्येक संघ आपलंच नाव मोठं करत राहिला, राज्याच्या सामाईक दूध महासंघाच्या ‘महानंद’ला पोटापुरतंही बळ मिळालं नाही आणि २०२४ मध्ये त्याचं व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेलं. कारणं आणखीही आहेत, पण नावाची मालकी विखुरलेली असणं हे माझ्या मते मोठं कारण.

आता तुमची पेढी. ट्रेडमार्क काकांचा आणि वापर पेढीचा. ट्रेडमार्क कायद्यात परवान्याने केलेला वापर हा मालकाचाच वापर मानतात. म्हणजे गेली सगळी वर्षं पेढीने जाहिरातीला घातलेला पैसा काकांची मालमत्ता फुगवत होता. लेखी परवाना नसेल तर आणखी वाईट. भांडण झालं की नाव पेढीचं की काकांचं यावरच वर्षं जातात. गुंतवणूकदाराचा वकील पहिल्या आठवड्यात हेच विचारेल.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी काकांकडून हस्तांतर लेख करून घ्या, मुद्रांक शुल्क भरा, फॉर्म टीएम-पी भरून नोंद बदला. लेखात ‘धंद्याच्या गुडविलसह’ हे शब्द स्पष्ट हवेत. गुडविलशिवाय हस्तांतर केलंत, तर सहा महिन्यांत (वाढवून मिळाल्यास आणखी तीन) जाहिरातीसाठी रजिस्ट्रारकडे अर्ज करावा लागतो. तो चुकला तर हस्तांतर लागूच होत नाही. ट्रेडमार्कची नोंद मालाच्या वर्गानुसार होते, तो वर्गही तपासा: मसाले, चिवडा वर्ग ३० मध्ये, लोणची २९ मध्ये. मसाल्यांसाठी घेतलेली नोंद लोणच्याला आपोआप लागू होत नाही.

काकांना मोबदला हवा असेल तर शेअर द्या किंवा एकरकमी पैसे. कायमची रॉयल्टी ठरवू नका. त्याने ब्रँड पुन्हा बाहेरच राहतो. स्वतः घडवलेल्या ट्रेडमार्कची मूळ किंमत करासाठी शून्य धरतात, म्हणून आलेली रक्कम जवळजवळ सगळी भांडवली नफा ठरते. हे त्यांना सौदा करण्याआधी सांगा, नंतर नाही.

पाककृती कागदावर कंपनीच्या नावाने ठेवा, प्रमाणं माहीत असलेल्या प्रत्येकाकडून गोपनीयतेचा करार घ्या. नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याचं कलम भारतात टिकत नाही. गुपित न फोडण्याचं टिकतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाने लिहिलं असेल तर त्याचा कॉपीराइट त्याचाच, लेखी हस्तांतर नसेल तोवर. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते.

राहिलं पेढीचं कंपनीत रूपांतर. सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीत गेली, भागीदारांना भांडवलाच्याच प्रमाणात फक्त शेअर मिळाले, आणि त्यांच्याकडे मिळून किमान ५० टक्के मताधिकार पाच वर्षं राहिला, तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गुंतवणूकदाराला किती टक्के द्यायचे हे या मर्यादेत बसवा. त्या पाच वर्षांत गुंतवणुकीच्या दुसऱ्या फेरीत भागीदारांचा हिस्सा ५० च्या खाली घसरला तर माफ झालेला कर परत अंगावर येतो, आणि तो तेव्हा कंपनीला भरावा लागतो.