धणे रुसले, मेथी आडवी पडली

प्रश्न : होळी झाल्यावर गच्चीवरच्या कुंड्यांत धणे, मेथी, भेंडी आणि तुळशीचं बी पेरलं. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घालते. मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि आठवड्याभरात आडवी पडली. बारा कुंड्यांपैकी चारच कुंड्यांत भेंडी आली. धणे आणि तुळस पंधरा दिवस झाले तरी दिसत नाहीत. बी खराब असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बियांना दोष देण्याआधी दुपारी दोन वाजता कुंडीच्या मातीत बोट खुपसून पाहा. माझ्या गच्चीवर मार्चअखेरीस वरची माती चटके देते, आणि चार बोटं खाली मात्र ओल असते. बी नेमकं त्या वरच्या थरात. सकाळी भिजून फुगतं, दुपारी वाळतं. कोंब फुटू लागलेलं बी एकदा वाळलं की गेलंच.

धण्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथंच हिरमुसतात. एका धण्यात दोन बिया जोडीनं असतात. माझ्या सासूबाई धणे गोणपाटावर पसरून चपलेनं हलके रगडत. दोन फाकी सुट्या व्हाव्यात, चुरा होऊ नये. मग रात्रभर पाण्यात, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात, आणि ऊन उतरल्यावर पेरणी, बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल. धण्याला वीस-पंचवीस अंशांचा गारवा मानवतो. म्हणून कुंडी जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला ठेवा, तिथं दुपारची सावली मिळते. कुंडीखाली दोन विटा द्या, स्लॅब फार तापतो.

वर ओलं गोणपाट झाका आणि पाणी गोणपाटावरच शिंपडा. सहाव्या दिवसापासून रोज संध्याकाळी उचलून बघायचं. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी ते काढायचं. एका वर्षी मी दोन दिवस गावी गेले आणि परत आले तर पिवळे कोंब गोणपाटाच्या विणीत गुंतलेले. उचलताना अख्खी कुंडी उपटली गेली. त्याची हळहळ अजून वाटते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, तेव्हा वीतभर झाली की कापाच.

मेथी मात्र उन्हानं गेलेली नाही. मातीलगत देठ काळपट, बारीक झालेले होते ना? ती ‘मर’, म्हणजे बुरशीनं कोवळं रोप मातीलगत कुजण्याचा रोग. दाट फोकलेलं बी आणि दोन वेळचं भरपूर पाणी, यानं ती होते. विरळ पेरा. उगवल्यावर झारीनं सकाळीच पाणी द्या, संध्याकाळी माती सुकलेली दिसली तरच थोडं.

भेंडीला ऊन आवडतं, पण तिचं टरफल कठीण. साधं बी रात्रभर भिजवा आणि प्रत्येक कुंडीत दोन बिया पेरभर खोल टोका. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला औषध लावलेलं असतं. ते भिजवू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

तुळशीचं बी बहुधा तुम्ही पुरलंत. ते इतकं बारीक की मातीखालून वर येत नाही. कोरड्या वाळूत मिसळून मातीवर पसरा, तळव्यानं दाबा, आणि कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा म्हणजे खालून ओल चढेल.

रिकाम्या आठ कुंड्यांपैकी दोनांत तांदुळजा टाका. सोलापूरच्या उन्हातही तो तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो. उरलेल्या सहांत भेंडी पुन्हा टोका, आज रात्रीच भिजत घाला.