बाटली गळते, पाखरू फिरकत नाही

प्रश्न : आम्ही ॲरिझोनात फिनिक्सला राहतो. पश्चिमेला जेमतेम सहा बाय दहा फुटांचा पॅटिओ आहे. हमिंगबर्डसाठी उलट्या बाटलीचा फीडर टांगून त्यात विकतचं लाल सरबत भरलं. दुपारी ते टपटप गळतं, खाली मुंग्यांची रांग लागते. पक्षी एकदा आले, ते परत आलेच नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : आधी बाटली काढा. अर्धी रिकामी बाटली उन्हात तापली की आतली हवा फुगते आणि पाण्याला भोकांतून बाहेर ढकलते. म्हणून ती सकाळी नीट असते आणि दुपारी गळते. तिच्याऐवजी बशीसारखा पसरट, झाकणाचा फीडर घ्या. त्यात पाणी भोकांच्या खाली राहतं, दाब येतच नाही. मधमाशीची सोंड तिथवर पोचत नाही, हमिंगबर्डची जीभ पोचते. फुलांचे भाग पिवळे असलेला फीडर मात्र नको, पिवळ्यावर मधमाश्या धावतात. मुंग्यांसाठी आकड्याच्या वरच्या बाजूला पाण्याची छोटी वाटी अडकवा आणि ती रोज भरा, तिथलं पाणी उन्हाने चटकन आटतं.

सरबत घरीच करा : १ वाटी साधी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी. गरम पाण्यात विरघळवून पूर्ण गार करा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. रंग घालू नका, फीडरचा लाल रंग पुरेसा असतो. आपल्याकडे गूळ किंवा मध जास्त चांगला असं वाटतं, पण इथे दोन्ही नकोत : गुळातलं लोह या पक्ष्यांना बाधतं, मधाचं पाणी लवकर आंबतं.

पक्षी परतले नाहीत याचं कारण बहुधा हे आंबणंच. चाळीस अंश सेल्सियसच्या वर सरबत दिवसभरातच खराब होऊ शकतं; गढूळ दिसलं किंवा भोकाच्या कडेला काळे ठिपके दिसले, की ती बुरशी समजा. म्हणून उन्हाळ्यात फीडर काठोकाठ न भरता अर्धी वाटीच घाला आणि रोज बदला. प्रत्येक वेळी गरम पाणी आणि ब्रश. आठवड्यातून एकदा एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाण्यात तासभर बुडवून खळखळून धुवा.

जागा छपराखालची, दुपारी दोननंतरही सावलीत राहणारी निवडा. काचेपासून तीन फुटांच्या आत टांगला तर पक्षी काचेवर वेगाने आदळत नाही. शेजारी एक वाळकी काटकी बांधा, तिच्यावर बसून नर पहारा देतो. तो इतरांना हाकलत असेल तर दुसरा फीडर कोपऱ्यापलीकडे, त्याला दिसणार नाही असा लावा. हिवाळ्यातही फीडर काढू नका. अ‍ॅनाज हमिंगबर्ड फिनिक्समध्ये बारा महिने असतो.

तरी खरा भरवसा झाडांवर ठेवा. तीन कुंड्या पुरतील : चुपारोसा, बाहा फेअरी डस्टर आणि ऑटम सेज. कुंडी किमान ४५ सेंटीमीटर रुंद हवी. काळं प्लास्टिक नको, त्यात मुळं शिजतात. उन्हाळ्यात पहाटे, तळातून पाणी निथळेपर्यंत घाला. कीटकनाशक अजिबात फवारू नका. हे पक्षी नुसत्या गोडावर जगत नाहीत, चिलटं आणि बारीक कोळीही खातात. पिल्लं तर मुख्यतः त्यांवरच वाढतात.

प्रश्न : नागपुरात आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो. त्याच्यासाठी फीडर लावू का?

उत्तर : तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर क्षणभर फुलापुढे तरंगतो, पण बहुतेक वेळा फांदीवर बसूनच मध पितो. त्याला फीडर नको, एकेरी जास्वंद आणि हॅमेलिया लावा. दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या फुलात चोच शिरायला अडचण होते. कोपऱ्यातली दोन-चार जळमटंही राहू द्या, घरटं विणायला मादी तीच नेते. वेलीच्या टोकाला किंवा कपड्यांच्या दोरीला कचऱ्याची लोंबती पिशवी अडकल्यासारखं काही दिसलं, बाजूला भोक असलं, तर ते तिचं घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत ती दोरी वापरू नका आणि वेल छाटू नका.