मक्याचं कोणतं संकरित वाण घ्यावं? पिशवीवर सगळेच 'भरघोस उत्पन्न' लिहितात.

उत्पन्नाचा आकडा नंतर बघा, आधी कालावधी ठरवा. पाण्याची खात्री नसेल तर ८०-९० दिवसांचं लवकर येणारं वाण. भरवशाचं पाणी आणि भारी जमीन असेल तरच ११० दिवसांच्या पुढचं. उशिराचं वाण जास्त देतं हे खरं, पण तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडताना पाण्याचा ताण बसला की केस मागे राहतात, तोवर पराग झडून जातो आणि कणीस बोडकं निघतं.

मग ताटाची मजबुती. ६० × २० सेंमीवर हेक्टरी सुमारे ८३,००० झाडं बसतात. एवढ्या दाटीत लोळणारं वाण फुकट मिळालं तरी नको. कणसाचं टोक पाल्याने पूर्ण झाकलेलं हवं, उघड्या टोकात पाणी शिरून बुरशी धरते.

परिसरात करपा (पानं करपवणारा रोग) येत असेल तर त्याला सहनशील वाणच घ्या. जमल्यास कालावधीत ८-१० दिवसांचा फरक असलेली दोन वाणं निम्मी-निम्मी लावा, म्हणजे ताण आला तरी दोन्ही एकदम सापडत नाहीत.

आणि संकरित पिकाचे घरचे दाणे पुढच्या वर्षी बियाणं म्हणून पेरू नका. दुसऱ्या पिढीत झाडं उंच-बुटकी होतात, उत्पन्न घसरतं.