मुलांचा निसर्गगट सुरू करताय? आधी एवढंच करा

निसर्गगटासाठी चाळीस मुलं जमली असतील, तर छान! पण सुरुवात दहा-बारांवर करा. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांचा ‘रूट्स अँड शूट्स’ हा मुलांसाठीचा निसर्ग-उपक्रमही १९९१ मध्ये टांझानियात १२ विद्यार्थ्यांवरच सुरू झाला होता. गर्दीत आधी पक्षी उडतात, मग मुलांचं लक्ष.

एकच जागा निवडा, चालत जाता येईल अशी. ओढ्याचा काठ, पडीक माळ, काहीही. दर पंधरवड्याला तिथेच जा. तारीख, वेळ, काय दिसलं, किती दिसलं, एवढं वहीत लिहायचं. नाव नाही आलं तर चित्र काढू द्या. काही महिन्यांनी मुलंच विचारतात, “मागच्या वेळचे बेडूक कुठे गेले?” खरं काम तिथून सुरू होतं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पहिल्याच दिवशी वृक्षारोपण. माळरान रिकामं नसतं. चंडोल तिथे जमिनीवर घरटी करतात. झाडं लावून आपण त्यांचं घर मोडतो. (मीही मोडलंय.)
- पिलू ‘वाचवणं’. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिलू बहुधा उडायला शिकत असतं. आईबाप जवळपास असतात. जखम नसेल तर लांब व्हा.
- घरट्याचा फोटो जागेसकट टाकणं. नको म्हणजे नको.

आणि तिथे गुरं चारणाऱ्यांना, मासे धरणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. त्यांना न विचारता लावलेली पाटी टिकत नाही.

सर्वेक्षणाच्या पद्धती वगैरे वर्षभराने बोलू.