सामाजिक उद्योग आणि धर्मादाय संस्था यांत फरक काय? बायकांच्या रोजगारासाठी ट्रस्ट काढावा की कंपनी?

पाड्यावरच्या बायकांकडून नाचणीची बिस्किटं करून घेऊन विकायची, त्यासाठी कोणती नोंदणी करावी, असं तुम्ही विचारलंय. नोंदणीचं नंतर बघू. आधी खर्च कशातून भागणार ते ठरवा. देणगीवर चालते ती धर्मादाय संस्था, विक्रीवर चालतो तो उद्योग; त्याचा हेतू सामाजिक असेल तर तो सामाजिक उद्योग. सामाजिक उद्योग अशी वेगळी नोंदणी आपल्याकडे नाहीच. लिज्जत पापड १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला, पुढे त्याची नोंद संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून झाली. तरी तो चालतो पापडाच्या विक्रीवर, आणि नफा भगिनींमध्ये वाटला जातो.

बहुतेक गटांचं गणित चुकतं ते किमतीत. समजा २०० ग्रॅमच्या पुड्याला माल २२ रुपये, मजुरी १०, पॅकिंग ६, भाडं-वीज-वाहतूक ७, म्हणजे ४५. छापील किंमत ६० ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, की हातात ४५ येतात. जमलं असं वाटतं. पण देखरेख करणाऱ्या ताईंचा पगार अनुदानातून जातोय. तो पुड्यामागे ८ रुपये धरला तर खर्च ५३ होतो. अनुदान संपलं की प्रत्येक पुड्यामागे ८ रुपये तोटा. म्हणून पहिल्या दिवसापासून किंमत ७५ लावा (हातात ५६ रुपये येतात, जीएसटी वेगळा धरा). त्या किमतीला माल खपत नसेल तर हा उद्योग नाही, प्रशिक्षण प्रकल्प आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण मग देणगीच मागा.

आता नोंदणी. ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ ची (ना-नफा) कंपनी असेल तर आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या घेऊन देणगी मिळते, सीएसआरचा (मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा) पैसाही याच वाटेने येतो. कलम ८ ची कंपनी नावाने कंपनी असली तरी सभासदांना लाभांश देता येत नाही, हे बरेच जण विसरतात. आयकरात धर्मादाय संस्थेचा धंदा मूळ उद्दिष्टाला पूरक असावा लागतो आणि त्याची वही वेगळी ठेवावी लागते. 'सामान्य लोकोपयोगी' (गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत अशा नेमलेल्या सदरांत न बसणारं लोकहिताचं काम) या सदरात मोडणाऱ्या संस्थेची धंद्यातली जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची करसवलत जाते.

बायकांनीच मालक व्हावं असं मनापासून वाटत असेल, तर माझं मत उत्पादक कंपनीच्या (माल बनवणारेच जिचे सभासद, अशा कंपनीच्या) बाजूने: किमान १० उत्पादक, भाग (शेअर) कितीही असले तरी माणशी एक मत, आणि जिने जितका माल दिला त्या प्रमाणात बोनस. मात्र तिला ८०जीची देणगी किंवा सीएसआर मिळणार नाही.

काही जण ट्रस्ट आणि कंपनी दोन्ही काढतात. चालतं, पण विश्वस्त हेच कंपनीचे मोठे भागधारक असतील तर जपून. ट्रस्टची भट्टी कंपनीने फुकट वापरली किंवा ट्रस्टने बिनव्याजी उसने दिले, तर ट्रस्टची करसवलत धोक्यात येते. बाजारभावाने भाडं, व्याज, लेखी करार आणि दोन वेगळी बँक खाती हवीतच.