लीड एक, जाहिराती चार

प्रश्न : मुलुंडच्या एका बिल्डरकडे मी मार्केटिंग बघते. फेसबुक, गुगल, पेपरातली जाहिरात, हायवेवरचं होर्डिंग, शिवाय ब्रोकर, सगळं एकाच वेळी चालू असतं. गणपतीत फेसबुकवर फॉर्म भरलेल्या माणसाने दिवाळीत होर्डिंगवरचा क्यूआर स्कॅन केला, की चौकशांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा ‘लीड सोर्स’, म्हणजे ही लीड (चौकशी करणारा संभाव्य ग्राहक) कुठून आली ते, बदलून ‘होर्डिंग’ होतो. साहेब विचारतात, पुढचा पैसा कुठे घालायचा? मी काय सांगू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, एकाच रकान्यावर तुम्ही दोन कामं टाकली आहेत. माणूस पहिल्यांदा कुठून आला, हे एक. त्यानंतर कोणकोणत्या जाहिरातींना त्याने दाद दिली, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर कधीच बदलत नाही, म्हणून तो रकाना रिकामा असेल तरच भरला जाईल असा नियम लावून टाका. हबस्पॉट या अशाच सॉफ्टवेअरमध्ये ‘ओरिजिनल सोर्स’ (पहिला) आणि ‘लेटेस्ट सोर्स’ (शेवटचा) वेगळे मिळतातच. सेल्सफोर्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक लीड कितीही कॅम्पेनला, म्हणजे जाहिरात मोहिमांना, जोडता येते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसेल, तर प्रत्येक प्रतिसादाची तारखेसकट वेगळी नोंद ठेवा.

पण आधी मोबाइल नंबर तपासा. मला इथेच सगळ्यात जास्त घोळ दिसतो. हबस्पॉटसारखी सॉफ्टवेअर माणूस ओळखतात ई-मेलवरून, आणि आपल्याकडे फ्लॅट बघायला येणारा देतो मोबाइल नंबर. तोही फेसबुकच्या फॉर्ममधून +९१ लावून येतो, रिसेप्शनवरची मुलगी नुसते दहा आकडे लिहिते, ब्रोकर सुरुवातीला शून्य लावून पाठवतो. एका माणसाच्या तीन लीड झाल्या! मग सोर्स कितीही नीट नोंदवा, हिशेब चुकणारच. आत येणारा प्रत्येक नंबर एकाच साच्यात बसवा आणि जुळणी त्यावरच करा. एकत्र करताना सगळ्यात जुन्या नोंदीचा सोर्स टिकवा.

लिंकचंही तसंच. माणूस कोणत्या जाहिरातीतून आला ते कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडतात त्या यूटीएमच्या खुणा लिहिताना इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. एकाने फेसबुक मोठ्या अक्षराने सुरू केलं, दुसऱ्याने लहान, की रिपोर्टमध्ये दोन ओळी पडतात. नावांचा एक तक्ता करा, सगळं लहान अक्षरांत, आणि एजन्सीलाही तोच द्या. त्या खुणा फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यांत उतरतात का, हे स्वतः एक फॉर्म भरून बघा. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या लिंकला तर खुणा हव्यातच. नाहीतर तिथून आलेला माणूस बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठल्याच जाहिरातीशिवाय थेट आलेल्यांत, जाऊन बसतो.

होर्डिंगबद्दल एक. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने) प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तो ग्राहकाला महारेराच्या पानावर नेतो, आणि तिथे कोण गेलं ते तुमच्या सॉफ्टवेअरला कळत नाही. तेव्हा स्वतःचा क्यूआर वेगळा, स्पष्ट मजकुरासह द्या. होर्डिंग आणि पेपरासाठी फोन नंबरही वेगवेगळे घ्या.

ब्रोकरच्या बाबतीत मात्र कडक राहा, तिथे कमिशनचा प्रश्न असतो. त्याने ग्राहकाचं नाव कोणत्या तारखेला कळवलं, ते स्वतंत्र रकान्यात हवं. साइट व्हिजिटला ‘कुठून कळलं?’ असं जरूर विचारा, पण ते उत्तरही निराळं ठेवा. घर बघायला आलेलं कुटुंब अनेकदा शेवटचं आठवतं तेच सांगतं.

साहेबांना दोन आकडे द्या: पहिल्या सोर्सप्रमाणे नवी माणसं किती आली, आणि बुकिंग झालेल्यांच्या वाटेत कुठली कॅम्पेन किती वेळा होती. फेसबुक माणसं आणतंय आणि होर्डिंग त्यांना साइटपर्यंत आणतंय असं दिसलं, तर होर्डिंग बंद करायची घाई त्यांना करू देऊ नका. जुन्या लीडपैकी ज्यांचा सोर्स पुसला गेलाय, तिथे अंदाजाने काही भरू नका. ‘माहीत नाही’ असंच लिहा.