झांबियाला उधारीवर माल पाठवताना : बिल डॉलरमध्ये असले तरी

झांबियाची राजधानी लुसाका इथला खरेदीदार सहा महिन्यांची उधारी मागतो आहे, परंतु बिल डॉलरमध्ये असल्याने चलनाची जोखीम आपल्यावर नाही, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला राहवले नाही, कारण 2015 साली कोल्हापुरातून तिकडे पाण्याचे पंप पाठवताना मी नेमका हाच हिशेब मांडला होता. परवाने आणि कागदपत्रे आपण पाहिलीच असतील. त्यात शिरत नाही.

बिल डॉलरमध्ये होते, पण खरेदीदाराच्या गल्ल्यात क्वाचा, म्हणजे झांबियाचे चलन, जमा होत होता. झांबियाच्या निर्यातीतील सुमारे 70 टक्के कमाई तांब्याची असल्यामुळे कित्वे, चिंगोला या खाणपट्ट्यातील तांब्याचा भाव जगाच्या बाजारात पडला, की लुसाकातील दुकानदाराला डॉलर महाग पडतो. त्या वर्षी क्वाचाने डॉलरच्या तुलनेत सुमारे 40 टक्के किंमत गमावली. चलन सावरावे म्हणून राष्ट्राध्यक्ष एडगर लुंगू यांनी 18 ऑक्टोबर हा देशभर प्रार्थनेचा दिवस जाहीर केला, इतकी परिस्थिती बिकट झाली होती.

त्यात पाऊसही कमी झालेला. देशाची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते; करिबा धरणाची पातळी उतरली आणि दिवसाला आठ-आठ तास वीज जाऊ लागली, तेव्हा विजेवर चालणारे माझे पंप घेणार कोण?

नोव्हेंबरमध्ये मी स्वतः लुसाकाला गेलो. कैरो रोडजवळच्या त्या दुकानातील फळ्यावर पंपाचा भाव खडूने लिहिलेला असे, आणि मी तिथे बसलो त्या चार दिवसांत तो ओल्या फडक्याने पुसून दोनदा नव्याने लिहिला गेला. माणूस लबाड नव्हता. त्याने वही माझ्यासमोर उघडून ठेवली: म्कुशीकडच्या शेतकऱ्यांनी घेतलेल्या पंपांचे पैसे जसे ठरले तसे आले होते, पण त्यांचे डॉलर करायला गेल्यावर माझे निम्मे बिलसुद्धा भागत नव्हते.

मला सर्वांत महागात पडली ती मात्र आपल्याकडची एक बँक शाखा. निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत आणण्याचे तेव्हा बंधन होते, म्हणून मुदतवाढीसाठी मी तीन अर्ज दिले. प्रत्येक वेळी ‘वरून उत्तर आलेले नाही’ एवढेच ऐकावे लागले. ईसीजीसीचा (परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) निर्यात विमा काढला होता का, हा प्रश्न त्यांनी मला पैसे अडकल्यावर विचारला. माल रवाना होण्यापूर्वी तोच प्रश्न विचारला असता, तर माझे दीड वर्ष आणि घरावर काढलेले कर्ज वाचले असते. याची चीड मला आजही येते.

मी सीए किंवा वकील नाही, आणि नियम बदलत असतात, त्यामुळे ताजी माहिती आपण स्वतः घ्यावी. माझे मत मात्र ठाम आहे: सहा महिन्यांची उधारी देऊ नका. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, उरलेल्या रकमेसाठी त्रयस्थ देशातील बँकेने हमी दिलेली एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेचे पैसे देण्याचे हमीपत्र) मागा, आणि विमा माल बंदरावर जाण्यापूर्वीच काढा. खरेदीदार ओळखीचा आहे, भला आहे, हे यावरचे उत्तर होत नाही; माझाही भलाच होता. 2020 मध्ये तर खुद्द त्या देशाच्या सरकारनेच परदेशी रोख्यांचे व्याज थकवले होते.

आपला माल पंपांचाच असेल, तर सौर किंवा डिझेलवर चालणारे पंप पाठवण्याचा विचार करा, कारण 2024 च्या दुष्काळात विजेची अवस्था 2015 पेक्षाही वाईट झाली होती. तिथे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल पडतो आणि मक्याची कापणी एप्रिलपासून सुरू होते, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा आणि पुढे कोरडे महिने असतात. या देशाला समुद्र नाही. टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदरात उतरलेला माल ट्रकने टुंडुमा इथल्या टांझानिया-झांबिया सीमेवरून सुमारे 1,900 किलोमीटर जातो आणि सीमेवर रांगेत अडकतो. त्यामुळे मे महिन्यात दुकानात हवा असलेला माल न्हावा शेवाहून फेब्रुवारीतच निघायला हवा.